यंत्रांचा योगक्षेम

आपल्या भाषेंत योगक्षेम हा शब्द इतका नित्याचा झाला आहे कीं, त्यांत दोन निरनिराळे अर्थ एकत्र नांदत आहेत हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. जें मिळालेलें नाहीं तें मिळविणें हा योग; जें मिळालें आहे तें राखणें हा क्षेम. शब्दांत या दोहोंची जोडी जमली असली तरी व्यवहारांत त्यांचें पुष्कळदां पटत नाहीं. मिळविणाऱ्याचा लौकिक होतो, राखणाऱ्याची कोणी विचारपूसहि करीत नाहीं. संगणकाच्या धंद्यांत तर हा तंटा दर कांहीं वर्षांनीं चव्हाट्यावर येतो. नव्या घराण्याचा प्रोसेसर येतो, जुन्याचा जातो, आणि जुन्यावर चालणारें जें सॉफ्टवेअर लोकांनीं विकत घेतलें, स्वतः लिहिलें, किंवा ज्यांत आपलें वर्षानुवर्षांचें काम सांठविलें, त्याचें पुढें काय करावयाचें असा प्रश्न उभा राहतो. हा प्रश्न कारागिरांचा आहे असें समजून आपण तो त्यांच्यावर सोंपवितों. माझ्या मतें तो मुख्यतः नीतीचा आहे. जो बदल घडवून आणतो तो, ज्यांनीं तो बदल मागितला नव्हता त्यांचें कांहीं देणें लागतो कीं नाहीं, आणि लागत असेल तर कोठवर?

उत्तराकडे वळण्यापूर्वीं वस्तुस्थिति नीट समजून घेतली पाहिजे. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू असें सांगण्याची चाल आहे. पण खरें पाहतां तो एखाद्या आज्ञाधारक व अत्यंत मंदबुद्धि नोकरासारखा अधिक आहे. अमुक जागची संख्या उचल, तींत तमुक मिळव, बाकी शून्य उरली तर पलीकडची आज्ञा पाहा, अशा मोजक्या आज्ञा तेवढ्या त्याला कळतात. आणि त्याहि त्याच्या घराण्याच्या सांकेतिक आंकड्यांत लिहिलेल्या असाव्या लागतात. घराणें बदललें कीं संकेत बदलला. हा भेद केवढा सूक्ष्म व तरीहि केवढा अनर्थकारक असूं शकतो याचें उदाहरण आपल्या तोंडींच आहे. आपण पंचवीस म्हणतों तेव्हां पांच आधीं उच्चारतों आणि वीस मागून. लिहितांना मात्र दोन आधीं काढतों आणि पांच मागून. एकाच मराठी मनुष्याच्या जिभेचा आणि हाताचा क्रम असा उलटा असूनहि त्याचें कांहीं अडत नाहीं, कारण त्याच्यापाशीं समज आहे. यंत्रापाशीं ती नाहीं. मोटोरोलाच्या ६८००० या प्रोसेसरांत मोठ्या संख्येचा वरचा भाग आधीं ठेवण्याची रीत आहे, इंटेलच्या घराण्यांत खालचा भाग आधीं. एकानें मांडून ठेवलेली संख्या दुसऱ्यानें जशीच्या तशी वाचली तर सगळ्या हिशेबाचा विचका होतो.

प्रोग्राम लिहिणारा मनुष्य हल्लीं क्वचितच या आंकड्यांत लिहितो. तो सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचतां येईल असा मूळ मजकूर लिहितो, आणि कंपायलर नांवाचा दुसरा प्रोग्राम त्याचें यंत्राच्या भाषेंत रूपांतर करतो. गिऱ्हाइकाच्या हातीं बहुधा हें रूपांतर पडतें. मूळ मजकूर कर्त्याच्या कपाटांत राहतो. ही गोष्ट वाचकांनीं विसरूं नये, कारण पुढील साऱ्या वादाची मेख येथें आहे.

आतां एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. अमेरिकेंतील ॲपल कंपनीनें आपल्या मॅकिंटॉश संगणकाच्या प्रोसेसरचें घराणें तीन वेळां बदललें. १९८४ सालीं हें यंत्र निघालें तेव्हां त्यांत मोटोरोलाचा ६८००० होता. १९९४ सालीं पॉवरपीसी आला. २००६ सालीं इंटेल. आणि २०२० च्या नोव्हेंबरांत कंपनीनें स्वतः आंखलेला, एआरएम घराण्यांतील एम-१. प्रत्येक वेळीं बदलाचीं कारणें सबळ होतीं. २००५ च्या जूनमध्यें स्टीव्ह जॉब्झ यांनीं इंटेलकडे वळण्याचें जाहीर केलें तेव्हां, खर्च होणाऱ्या विजेच्या मानानें काम किती पदरांत पडतें, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. आणि तो खोटा नव्हता. पॉवरपीसीचा जी-५ इतका तापत असे कीं, मांडीवर घ्यावयाच्या मॅकमध्यें तो कधींच बसविला गेला नाहीं.

प्रत्येक वेळीं कंपनीनें जुन्या प्रोग्रामांसाठीं एक दुभाषीहि नेमला, हें तिच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. पहिल्या संक्रमणांत हा दुभाषी यंत्राच्या पोटांतच होता. जुन्या भाषेंतली आज्ञा आली कीं तो ती नव्या प्रोसेसरला समजावून देई, आणि वापरणाऱ्याला त्याची खटपट दिसतहि नसे. शिवाय प्रोग्रामकर्त्यांनीं दोन्ही भाषांतील रूपांतरें एकाच बासनांत बांधून द्यावीं अशीहि सोय झाली. समश्लोकी भाषांतरासह छापलेल्या पोथीसारखें हें बासन जाड होई, म्हणून त्याला ‘फॅट बायनरी’ म्हणूं लागले. दुसऱ्या संक्रमणांतील दुभाष्याचें नांव रोझेटा. १७९९ सालीं इजिप्तमध्यें सांपडलेल्या ज्या शिळेवर एकच मजकूर तीन लिप्यांत कोरलेला होता तिच्यावरून हें नांव घेतलें. ती शिळा कोरल्यानंतर सुमारें दोन हजार वर्षांनीं एका मृत लिपीचा उलगडा करण्यास उपयोगी पडली. ॲपलचा रोझेटा २००६ सालीं आला आणि २०११ च्या जुलैंत, ‘लायन’ या आवृत्तीबरोबर, काढून टाकला गेला. नांव ठेवणाऱ्याला इतिहासाची आवड असावी. शिळेचा गुण मात्र त्यानें घेतला नाहीं. तिसऱ्या संक्रमणाचा दुभाषी रोझेटा-२. २०२५ च्या जूनमध्यें कंपनीनें जाहीर केलें कीं, मॅकओएसच्या २७ व्या आवृत्तीपर्यंत तो पूर्ण स्वरूपांत राहील आणि त्यापुढें कांहीं जुन्या खेळांपुरता उरेल.

याच्या अगदीं उलट टोंकाला आयबीएम ही कंपनी आहे. १९६४ च्या एप्रिलांत तिनें सिस्टिम-३६० हें यंत्रकुल जाहीर केलें. तोंवर तिच्या निरनिराळ्या यंत्रांच्या भाषा निरनिराळ्या होत्या, आणि मोठें यंत्र घेणाऱ्याला पुष्कळदां आपले सगळे प्रोग्राम नव्यानें लिहावे लागत. नव्या कुलांतील लहानमोठ्या यंत्रांना एकच भाषा दिली गेली. इतकेंच नव्हे, तर १९५९ सालच्या १४०१ या लोकप्रिय यंत्राचे प्रोग्राम चालविण्याची व्यवस्थाहि कांहीं यंत्रांत ठेवली. या वंशांतील आजच्या यंत्रांवर सहा दशकांपूर्वीं रूपांतर केलेला साधा प्रोग्राम अजूनहि चालूं शकतो. यांत परोपकार होता असें मी म्हणत नाहीं. हीं यंत्रें बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खातीं यांच्या घरीं होतीं, आणि आपलें खातेंपुस्तक उद्यां वाचतां येईल या खात्रीसाठीं तीं मोठी किंमत मोजण्यास तयार होतीं. क्षेमाला दाम मिळाला म्हणून क्षेम घडला.

इंटेलचें घराणेंहि असेंच मागचें सांभाळीत आलें. त्याचा मूळपुरुष १९७८ सालचा ८०८६. त्याचे वंशज त्याच्यापेक्षां कित्येक हजार पटींनीं वेगवान् झाले तरी सुरू होण्याच्या क्षणीं त्याच्यासारखेच वागतात, आणि मग आपलें खरें रूप धारण करतात. मोठ्या हुद्द्याच्या अंमलदारानें रोज कचेरीला निघण्यापूर्वीं पणजोबांच्या खडावा घालून चार पावलें चालावीं, तसाच हा प्रकार! २०२३ सालीं इंटेलनें ही चाल बंद करण्याचा एक प्रस्ताव मांडला, पण पुढल्याच वर्षीं तो सोडून दिला. या कंपनीनेंहि एकदां जुन्याशीं फारकत घेऊन पाहिली होती. एचपीच्या सहकार्यानें २००१ सालीं तिनें इटॅनियम हा सर्वस्वीं नव्या भाषेचा प्रोसेसर बाजारांत आणला. त्यावर जुने प्रोग्राम रखडत चालत. २००३ सालीं एएमडीनें जुन्याच भाषेचा विस्तार करून तेंच साधलें, आणि गिऱ्हाईक तिकडे गेलें. अखेरीस इंटेललाहि प्रतिस्पर्ध्याचीच वाट धरावी लागली. शेवटचे इटॅनियम २०२१ सालीं रवाना झाले. या हकीकतीवरून पुष्कळजण असा सिद्धान्त काढतात कीं, जुन्याशीं इमान राखणाराच शेवटीं जिंकतो. मला तो मान्य नाहीं. जिंकणारा न्यायी असतोच असें नाहीं. आणि मॅकिंटॉशचें उदाहरण पाहिलें तर जुन्याची बोळवण करूनहि उत्तम धंदा करतां येतो हें उघड आहे. तेव्हां बाजाराचा कौल बाजूस ठेवूनच हा विचार केला पाहिजे.

आतां दुसरी बाजू. डेबियन ही एक संगणकप्रणाली जगभरचे स्वयंसेवक मिळून तयार करतात. तींत हजारों प्रोग्राम आहेत, आणि जितक्या घराण्यांचे प्रोसेसर पत्करले तितक्या भाषांत त्या प्रत्येकाचें रूपांतर करून, तें चालतें कीं नाहीं हें पाहावें लागतें. जुनीं यंत्रें मंद; नव्या यंत्राला जें काम घटकाभराचें तें त्यांना दिवसाचें. यंत्र बिघडलें तर सुटे भाग मिळत नाहींत. एखादा दोष केवळ एकाच जुन्या घराण्यावर दिसतो आणि त्याच्यापायीं सगळ्यांची पंगत खोळंबते. म्हणून २००७ सालच्या आवृत्तींतून ६८००० चें घराणें वगळलें गेलें. २०२५ च्या ऑगस्टांत निघालेल्या तेराव्या आवृत्तीपासून बत्तीस बिटांच्या जुन्या इंटेल यंत्रांवर ही प्रणाली नव्यानें बसविण्याची नेहमींची सोय राहिली नाहीं. त्याच वेळीं रिस्क-५ या नव्या घराण्याला मात्र अधिकृत पान मांडलें गेलें. लिनक्सची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. १९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स यांनीं तें लिहिलें तें इंटेलच्या ८०३८६ वर. २०१२ च्या डिसेंबरांत त्याच ३८६ चा आधार लिनक्समधून काढण्यांत आला, आणि टोरवाल्ड्स यांनीं त्याबद्दल यत्किंचितहि हळहळ दाखविली नाहीं. त्या प्रोसेसरांत कांहीं आवश्यक आज्ञाच नव्हत्या. त्यामुळें पुढची प्रत्येक सुधारणा करतांना त्याच्यासाठीं वेगळी पाउलवाट राखावी लागे. फुकट खपणाऱ्या माणसांनीं ती कोठवर राखावी? जो स्वयंसेवक आपली रात्र मोडून हें काम करतो त्याला, तूं आमरण करीत राहा, असें सांगण्याचा अधिकार मला कोठें दिसत नाहीं. (हें ओझें अगदींच निष्फळ नसतें हेंहि जाणकार सांगतात. संख्या उलट क्रमानें वाचणाऱ्या एखाद्या यंत्रावर प्रोग्राम चालवून पाहिला म्हणजे सरळ क्रमाच्या यंत्रावर वर्षानुवर्षें दबा धरून बसलेल्या चुका बाहेर पडतात. पण हा लाभ झाला, कर्तव्य नव्हे.)

मग देणें उत्पन्न होतें तें कोठून? माझें मत असें कीं, तें यंत्राच्या विक्रींतून फारसें होत नाहीं. यंत्र विकलें, पैसे घेतले, तें बोलल्याप्रमाणें चाललें, व्यवहार संपला. पुढें त्याहून चांगलें यंत्र निघालें यांत विकणाऱ्याचा अपराध काय? देणें उत्पन्न होतें तें निमंत्रणांतून. ‘तुमचें लेखन, तुमचे हिशेब, तुमचीं चित्रें आमच्या प्रोग्रामांत ठेवा’ असें जेव्हां कर्ता लोकांना सांगतो, तेव्हां तो केवळ विक्रेता राहत नाहीं. आपल्या धर्मशास्त्रानें व्यवहाराचीं जीं अठरा पदें मानलीं त्यांत निक्षेप हें एक आहे. निक्षेप म्हणजे विश्वासानें दुसऱ्याकडे ठेवलेली ठेव. ठेव ज्याच्याकडे आहे त्यानें दुकान उघडें ठेवलेंच पाहिजे असा निर्बंध नाहीं. त्याला वार्धक्य येईल, त्याचें मन उडेल, धंदा बसेल. पण दुकान बंद करण्यापूर्वीं त्यानें दवंडी पिटली पाहिजे, आणि ज्याची ठेव त्याला परत मिळेल असें केलें पाहिजे. चावी खिशांत टाकून निघून जाणें, आणि वर कोणी दुसरा किल्लीवाला आणूं लागला तर त्याला कायद्याचा धाक घालणें, हें मात्र निराळें. मदतीचा हात काढून घेणें ही एक गोष्ट. मदतीला निघालेला दुसऱ्याचा हात अडविणें ही दुसरी. पहिलीला पुष्कळ वेळां क्षमा आहे. दुसरीला असावी असें मला वाटत नाहीं.

ठेव अडकण्याचा अनुभव मराठी घरांनाहि आहे. युनिकोडचा सर्वत्र प्रसार होण्यापूर्वीं संगणकावर देवनागरी लिहिण्यासाठीं जे फाँट निघाले त्यांत प्रत्येकाचा अक्षरसंकेत स्वतंत्र होता. तो फाँट नसलेल्या नव्या यंत्रावर अशी फाइल उघडली तर मराठी ओळींच्या जागीं रोमन अक्षरें व चमत्कारिक चिन्हें यांची रांग दिसते. आजोबांची वंशावळ, बहिणीच्या लग्नाची याद, कोणाचें आत्मचरित्र, सगळें तेथेंच आहे आणि वाचतां येत नाहीं. हा बदल प्रोसेसरचा नव्हे हें खरें. पण घरच्या माणसांना त्या भेदाचें काय!

प्रोसेसरच्या बदलानें तेंच कसें घडतें हें फ्रीहँड या प्रोग्रामाच्या हकीकतींत दिसतें. चित्रकार व छपाईची मांडणी करणारे यांचा तो आवडता. त्याची अखेरची मोठी आवृत्ति २००३ सालची. मॅकसाठीं ती पॉवरपीसीच्या भाषेंत रूपांतरित केलेली. २००५ च्या अखेरीस त्याची मालक मॅक्रोमीडिया ही कंपनी ॲडोबीनें विकत घेतली. ॲडोबीचा स्वतःचा इलस्ट्रेटर त्याच कामाचा होता. २००७ सालीं तिनें फ्रीहँडची वाढ थांबविल्याचें जाहीर केलें. इंटेलच्या मॅकवर तो रोझेटाच्या खांद्यावर बसून चालत राहिला, आणि २०११ सालीं तो खांदाच नाहींसा झाला. इलस्ट्रेटरमध्यें फ्रीहँडचीं चित्रें उघडण्याची थोडीफार सोय होती हें नमूद केलें पाहिजे. परंतु ज्या साधनानें हात घडला तें साधन आणि त्यांतील कामाची बारीक रचना त्या सोयीनें परत येत नव्हती. त्याच वर्षीं या चित्रकारांनीं संघ करून अमेरिकेच्या न्यायालयांत मक्तेदारीविरोधी कायद्याखालीं ॲडोबीवर फिर्याद केली. २०१२ सालीं तडजोड होऊन ती मिटली. फ्रीहँडचा मूळ मजकूर कपाटांतच राहिला. तो बाहेर असता तर त्याचें नव्या भाषेंत रूपांतर करण्यास माणसें मिळालीं असतीं कीं नाहीं हें सांगवत नाहीं. पण प्रयत्न करण्याचीच वाट बंद होती.

येथें दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, मूळ मजकूर ही कर्त्याची मिळकत आहे. ती त्यानें चार लोकांत कां वाटावी? मी ती वाटण्याचा आग्रह धरीत नाहीं. ज्या रचनेंत ठेव सांठविली तिचें वर्णन जरी प्रसिद्ध केलें तरी पुष्कळ काम होतें. लिबरऑफिसच्या भोंवतीं जमलेल्या लोकांनीं ॲपलवर्क्ससारख्या मॅकवरच्या जुन्या प्रोग्रामांतील लेख उघडण्याची सोय करून ठेवली आहे. मूळ मालकानें पाठ फिरविल्यावर परक्यांनीं ती ठेव सोडविली. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. जुनें यंत्र महाजालाला जोडलेलें राहिलें आणि त्याच्या सॉफ्टवेअरची डागडुजी थांबली तर तें चोरांचा दरवाजा होतें, आणि त्याचा उपद्रव शेजाऱ्यांनाहि पोंचतो. हें मला मान्य आहे. जुनें वापरण्याचा हक्क सांगणाऱ्यानें, तें कसें वापरावें याची जबाबदारीहि घेतली पाहिजे. हिशेबाचें जुनें यंत्र जोडणीवांचून कोपऱ्यांत चालविणें निराळें आणि त्यावरून बँकेचे व्यवहार करणें निराळें. मात्र डागडुजी थांबविणाऱ्यानेंच हा धोका पुढें करून नवें यंत्र खपवावें, यांतली सोय नजरेआड करण्याजोगी नाहीं.

फ्रीहँडच्या चित्रकारांना नव्या यंत्रावर जुना प्रोग्राम पाहिजे होता. त्याच सुमारास कांहींजणांना जुन्या यंत्रावर नवा प्रोग्राम पाहिजे होता. पॉवरपीसीचे मॅक अजून धडधाकट होते, पण २०११ च्या मार्चमध्यें निघालेल्या फायरफॉक्सच्या चौथ्या आवृत्तीनें त्यांचा आधार सोडला. आणि महाजालाचा वाचक-प्रोग्राम जुना झाला कीं तें यंत्र हळूहळू मुकें होतें. फायरफॉक्सचा मूळ मजकूर मात्र सर्वांना खुला होता. एका गृहस्थानें तो घेतला, जुन्या घराण्याला मानवेल असा दुरुस्त केला, आणि टेनफोरफॉक्स या नांवानें सुमारें दहा वर्षें चालविला. नवनव्या सुरक्षादुरुस्त्या तो त्यांत आणून बसवी. आणि महाजालावरील पानें जड होत गेलीं तसतसें हें काम वाढतच गेलें. २०२१ च्या मार्चमध्यें त्यानें कळविलें कीं, ऑक्टोबरपर्यंत मी हें करीन, पुढें नाहीं. कोणी त्याला दोष दिला असेल तर तो अन्यायानें दिला असें मी म्हणेन. सहा महिन्यांची मुदत त्यानें दिली, आणि मूळ मजकूर होता तेथेंच उघडा ठेवला. ऑक्टोबरनंतरहि ज्याला हवें त्याला तो उतरवून घेऊन, घरच्या तापट जी-५ वर कंपायलर लावून, स्वतःची प्रत बनवितां येत होती. यंत्र त्या कामाला तासन्‌तास घेई.